दसऱ्याला काढलेली जाळी

दसऱ्याला दहिवलीची भातगिरणी बंद ठेवून मालोजीनं इंजिनाची पूजा केली. चाकाला हार घालताना आड येते म्हणून पट्ट्यावरची लोखंडी जाळी त्यानंच काढून भिंतीला टेकवली. नातीला, सुलीला, म्हणाला, “पाया पड गं. देव हाय आपला, काय करत नाय.”

दुसऱ्या दिवशी सून म्हणाली, “मामंजी, आधी जाळी बसवा. पोरं फिरतात हितं.”

“केस पांढरे झाले या गिरणीत. तू शिकव आता मला!” मालोजी खेकसला आणि त्यानं इंजिन सुरू केलं.

पट्टा सणसणत फिरू लागला. भाताचं पोतं ओतताना त्यानं सहज मागं पाहिलं. ओंजळीत कालचा झेंडू घेऊन सुली चाकापुढं वाकत होती. पट्ट्याच्या वाऱ्यानं तिची रिबीन फडफडत होती. इंजिनाच्या धडधडीत हाक ऐकू जाणार नव्हती. पोतं टाकून तो धावला, परकर धरून त्यानं तिला मागं खेचलं. रिबीन तेवढी पट्ट्यात गेली.

“मरायचंय का गं तुला?” त्यानं हात उगारला.

सुली हुंदके देत म्हणाली, “तूच बोललास ना आजा, काय करत नाय?”