बेचाळिसावं कार्ड

भागवतनं एसटीच्या वर्कशॉपात तीस वर्षं इंजिनं खोलली आणि पुन्हा बसवली. रिटायर झाल्यावर कळंबच्या घरात त्याला करमेना, म्हणून व्हिडिओ बघत बघत तो मोबाइलचं ॲप बनवायला शिकला. पहिलं ॲप बनवलं ते थोरल्या बहिणीसाठी. ती, तारामती, ईट गावात राहायची, आणि ज्वारी, हुलगा, करडई, जवस अशा जुन्या वाणांचं बियाणं तिनं घरात जपलं होतं. मागायला येणाऱ्याला ते फोनवर दाखवता यावं म्हणून दर वाणाचं एक कार्ड केलं. त्यावर नाव आणि पेरणीचा महिना, थोड्या कार्डांवर फोटोही. अशी एकशे दहा कार्डं झाली.

पण तारामतीनं ॲप उघडलं की पडदा नुसता पांढरा व्हायचा. जरा वेळानं फोन विचारायचा, ॲप बंद करायचं का? ती 'हो' दाबायची.

"फोनच इचारतोय, मग न्हाय कशाला म्हणू?" ती म्हणाली.

यामागचं कारण भागवतला ठाऊक होतं. थ्रेड म्हणजे ॲपमधला जणू एक कामगार, एका वेळी एकच काम करणारा; पडद्याचं सगळं काम एकटा मुख्य थ्रेड बघतो. बोट कुठं लागलं हे ओळखणंही त्याच्याकडंच. तो कार्डं बनवण्यात गुंतला की ॲप ठप्प. तेव्हा कार्डं मागं, दुसऱ्या थ्रेडवर बनवावीत आणि मुख्य थ्रेडनं ती फक्त पडद्यावर मांडावीत, असं त्याच्या मनात आलं. इंटरनेटवर विचारलं तर चौघांनी एकच उत्तर दिलं, पडद्यावरची वस्तू दुसऱ्या थ्रेडवर बनवायची नसते. का नसते, ते एकानंही सांगितलं नाही.

ते कळल्याशिवाय भागवतला चैन पडेना. लॅपटॉप पिशवीत घालून तो सकाळच्या गाडीनं ईटला गेला आणि ओसरीवर तारामतीच्या फोनला वायर जोडून बसला.

एकेचाळीस कार्डं मागच्या थ्रेडवर बिनतक्रार बनली. बेचाळिसाव्याला ॲप धाडकन बंद पडलं. पुन्हा चालवलं, पुन्हा बेचाळिसाव्यालाच.

"बेचाळिसावं कंचं?" तारामतीनं विचारलं.

"गूळभेंडी ज्वारी."

"तिला काय झालं? औंदा हुरडा तर लई ग्वाड हुता."

भागवतनं गूळभेंडीचं कार्ड काढून ठेवलं. आता ॲप जवसाच्या कार्डावर पडलं. दोन्ही कार्डांवर फोटो होते. त्यानं कार्डांवरचे फोटो हटवले, तर सगळी कार्डं बनली. फोटो परत घातले आणि चिमटीनं फोटो मोठा करायची सोय तेवढी काढून टाकली, तरी बनली. म्हणजे खोट त्या सोयीत होती. वर्कशॉपातही तो असाच एकेक भाग काढून बघायचा.

आता त्यानं तेवढ्याच भागाचा कोड वाचायला घेतला. तारामतीनं आणलेला चहा निवून गेला. अखेर उमगलं. बोटांच्या हालचालींचा वेळ मोजण्यासाठी तो भाग बनतानाच आपल्या थ्रेडकडं निरोपांची रांग, म्हणजे आलेली कामं ओळीनं धरून ठेवायची जागा, मागत होता. अशी रांग मुख्य थ्रेडकडं असते. भागवतनं बनवलेल्या थ्रेडकडं नव्हती, म्हणून ॲप पडायचं. नुसत्या नावाच्या कार्डांना तिची गरजच नव्हती, म्हणून ती गुमान बनली.

त्यानं सगळी कार्डं मागंच बनू दिली. फक्त फोटो मोठा करायची सोय कार्ड उघडल्यावर मुख्य थ्रेडनं बनवावी, असं केलं. मग फोन बहिणीच्या हातात दिला.

"आक्का, आता उघड."

यादी लगेच दिसली. तारामतीनं गूळभेंडीचं कार्ड उघडलं, दोन बोटांनी फोटो मोठा केला आणि बराच वेळ निरखत राहिली.

"भागवत, ह्यातले हे दोन दाणे गूळभेंडीचे न्हाईत."

तिनं आतून डबा आणला, ज्वारी सुपात ओतली आणि मूठभर दाणे निवडून बाजूला काढले. भागवतनं चष्मा पुसून दोन्हीकडचे दाणे हातात घेऊन पाहिले. त्याला काहीच फरक दिसेना.

"तुला कशावरून कळलं?"

"बुडाशी बघ की, जरा चपटं हाय."

"आणि मग ही ज्वारी कुठली?"

"ते काय म्हाईत. पोळा झाल्यावर निराळी पेरू, मग कळंल."

भागवतनं ते दाणे कागदावर मांडून फोटो काढला आणि एकशे अकरावं कार्ड केलं. नावाची जागा मोकळी ठेवली, आणि पोळा किती तारखेला आहे ते बघायला कॅलेंडर उघडलं.