पायरीवरचे राजे

"बाईमाणसाला पायरीवर ठेवत नाहीत, मावशी," मिलुतिन म्हणाला. "सरळ आत, बायकांच्या रांगेत."

मिलुतिन चर्चच्या मंडळाचा कारभारी. वुकोसावा त्या चर्चखालच्या तळघराची किल्लीवाली. शिजवलेल्या गव्हांची वाटी तिने मृतांसाठी म्हणून खाली ठेवली आणि चार माणसं येलिसावेताची शवपेटी उतरवत होती ते ती बघत राहिली. परदेशात म्हातारी होऊन वारलेली ही द्रेनोविच राजघराण्यातली शेवटची. तिच्यामागे ना मूल, ना भाऊ, ना कुणी लांबचा पुतण्या.

द्रेनोविचांची रीत अशी की गेलेला राजा लगेच आपल्या पूर्वजांत जात नाही. तळघराच्या दाराआतल्या पायरीवर त्याची पेटी थांबते. पुढचा वारस मरून त्या पायरीवर आला की मगच आधीच्याला आत जागा मिळते. राजे स्तोयान असेच थांबले होते. त्यांचा मुलगा समुद्रात बुडाला, देह सापडलाच नाही. मग राजेशाहीच गेली, आणि म्हातारे राजे जे पायरीवर राहिले ते राहिलेच.

रोज संध्याकाळी कुलूप लावताना किल्लीवालीने त्यांना सांगायचं असतं, "अजून कुणी नाही, महाराज." वुकोसावाची आजी सांगायची, आई सांगायची. आतून एकदा टक् असं वाजलं की मगच निघायचं, हे आईने किल्ली देताना बजावलं होतं. सुरुवातीला वुकोसावाची भीतीने गाळण उडायची. पुढे लग्न राहून गेलं, केस पिकले, आणि त्या एका आवाजाशी तिचा जगातल्या कुणाहीपेक्षा जास्त घरोबा झाला. आपल्या डोळ्यांदेखत म्हाताऱ्याची सुटका व्हावी, एवढंच तिला हवं होतं.

"ही शेवटची आहे रे," ती अखेर मिलुतिनला म्हणाली. "हिला पायरी दिली नाहीस तर ते कायमचे दारात."

"ते कधीच गेलेत, मावशी. त्यांना काय दार आणि काय घर. तू आपले गुडघे सांभाळ."

पेटी आत बायकांच्या रांगेतच गेली. त्या संध्याकाळी नेहमीचे शब्द वुकोसावाच्या तोंडून फुटेनात. जन्मभर खरं सांगितलं, आता खोटं कसं बोलायचं? दाराला कपाळ टेकवून ती म्हणाली, "महाराज, तुमची नात आली." आतून काहीच वाजलं नाही. बराच वेळ थांबून ती घरी निघाली तेव्हा तिला रडू येत होतं.

सकाळी दार उघडलं तर पायरीवर येलिसावेताची पेटी होती. स्तोयान राजांची शिशाची पेटी, जी हलवताना चार गड्यांना घाम फुटला असता, ती आत, त्यांच्या वडिलांशेजारच्या रिकाम्या ओट्यावर. फरशीवरच्या धुळीत ओरखडासुद्धा नव्हता. गव्हांची वाटी तेवढी रिकामी झाली होती.

मिलुतिन आला आणि वुकोसावावर आवाज चढवू लागला, पण तिच्या सुजलेल्या गुडघ्यांकडे लक्ष जाताच हे काम तिचं नव्हे हे त्याला कळलं. पेट्या होत्या तिथे परत न्या, असं त्याने कालच्या गड्यांना सांगितलं. त्यांनी टोप्या काढल्या, छातीवर क्रूसाची खूण केली आणि पेट्यांना हात न लावताच वर निघून गेले. मग तोही फार वेळ खाली थांबला नाही.

दिवसभर वुकोसावाला हलकं हलकं वाटत होतं. म्हातारा एकदाचा आपल्या माणसांत गेला होता. संध्याकाळी काही न बोलताच तिने कुलूप लावलं आणि ती वळली, तोच आतून वाजलं. टक्.

हा हात निराळा होता. हलका, बिचकत, परक्या घरात कुणाला हाक मारावी तसा. वुकोसावाच्या आता लक्षात आलं. म्हाताऱ्याला सोडवण्याच्या नादात आपण या बाईला तिथे बसवलं. हिच्यामागून आता कुणीच येणार नव्हतं, आणि ही किल्ली घ्यायला वुकोसावाच्या मागेही कुणी नव्हतं.

ती पुन्हा दाराशी आली.

"अजून कुणी नाही, बाईसाहेब," ती म्हणाली. "उद्या येते मी."

आतून वाजेपर्यंत ती थांबली. मग एरवी खिळ्याला अडकवून ठेवायची ती किल्ली तिने गळ्यात घातली आणि एका हाताने भिंत धरत पायऱ्या चढू लागली.