दोन कमी धरा

मित्रांनो, मी एक जुना ताणकाटा आहे आणि सुरुवातीलाच कबूल करून टाकतो, मी खोटं बोलतो. मुद्दाम नाही बरं का. माझ्या पोटातली स्प्रिंग सैल झाली आहे. हलकी वस्तू टांगलीत तर मी अगदी खरं वजन सांगतो, पण वीस किलोच्या वर गेलात की माझा तोल सुटतो आणि मी दोन किलो जास्त दाखवतो. तुम्ही म्हणाल, असा काटा हवाय कुणाला? मीही स्वतःला हेच विचारतो.

जन्मतः मी असा नव्हतो. कारखान्यात मला वजनं टांगून तपासलं, तेव्हा माझी सुई रेसभरही चुकली नव्हती. गोल पांढरी तबकडी, पन्नासपर्यंतचे काळे आकडे, खाली मजबूत लोखंडी हूक. काय रुबाब होता माझा! तिथून मला आप्पांनी विकत आणलं. आप्पांचं रद्दीचं दुकान होतं. लोक गठ्ठे घेऊन यायचे, आप्पा ते सुतळीने आवळायचे आणि माझ्या हुकाला लावायचे. सुतळीचं एक टोक त्यांच्या दातात धरलेलं असायचं, त्यामुळे बोलणार कसं? म्हणून ते सगळं बोटांनी सांगायचे. किती किलो, कुठे ठेवा, उद्या या, सगळं बोटांनी.

आप्पांची नात शाळा सुटली की दुकानात येऊन बसायची. इवलीशी आणि झणझणीत, म्हणून आप्पा तिला मिरी म्हणायचे. ती सहा वर्षांची असताना तिने दोन मैत्रिणींना आणलं आणि तिघी मिळून माझ्या हुकाला लोंबकळल्या. झोका केला माझा! माझी सुई पन्नासच्या पुढे जाऊन आपटली. आप्पा धावत आले तोवर व्हायचं ते होऊन गेलं होतं. दुसऱ्या काट्याशी पडताळून त्यांनी माझी खोड शोधून काढली. मिरी रडायला लागली, तेव्हा म्हणाले, "अगं, माणूस थकतो तसा काटाही थकतो. आपण दोन कमी धरायचे, झालं."

तेव्हापासून मोठा गठ्ठा आला की आप्पा दातात सुतळी धरून दोन बोटं वर करायचे. म्हणजे माझ्या आकड्यातून दोन वजा. गिऱ्हाइकांनाही हे पाठ झालं होतं. कुणी तक्रार केली नाही आणि आप्पांनी मला टाकलं नाही. मिरीसुद्धा त्यांच्या शेजारी उभी राहून आपली दोन चिमुकली बोटं वर करायची.

पुढे दुकान बंद झालं. मी घरी आलो, आप्पांच्या खोलीत एका खिळ्यावर. तिथे सात वर्षं मी नुसता धूळ खात होतो. वाईट वाटायचं, खोटं कशाला सांगू? पण समोरच आप्पांची खाट होती, तेवढाच आधार.

मिरी दहावी झाली आणि घरात एक नवीनच विषय निघाला. तिच्या शाळेतून एका मुलीला वर्षभर परदेशात शिकायला पाठवणार होते. तिथल्या एका कुटुंबात राहायचं, तिथल्याच शाळेत जायचं. मिरीची निवड झाली. तिचे वडील बस चालवायचे, शब्द तोलूनमापून वापरणारा माणूस. ते एवढंच म्हणाले, "नको." आईने डोळ्याला पदर लावला. शेवटी आप्पा उठून बसले. म्हणाले, "मी आयुष्यभर दुसऱ्यांचं वाचून झालेलं गोळा केलं. हिला तरी कोरं काहीतरी वाचू दे. एका वर्षाचा तर प्रश्न आहे. ती येईपर्यंत मी कुठे जात नाही."

वडिलांनी अर्जावर सही केली. मग कपाटाच्या दारावर यादी चिकटली. पासपोर्ट, लसी, फोटो, त्या कुटुंबासाठी भेट, जाड मोजे. मिरी रोज संध्याकाळी ती भाषा मोठ्याने घोकायची आणि आप्पा तिचे चुकीचे उच्चार ऐकून खुशाल मान डोलवायचे.

निघायला दोन महिने होते तेव्हा आप्पांना अर्धांगाचा झटका आला. जीव वाचला, पण उजवा हात गेला आणि बोलणंही गेलं. मिरीने सांगून टाकलं, मी जात नाही. तेव्हा आप्पांनी डाव्या हाताने उशाजवळचा तिचा पासपोर्ट सरकवत सरकवत तिच्या मांडीवर नेऊन ठेवला. तिने परत ठेवला. त्यांनी पुन्हा सरकवला. असं चार वेळा झालं. मग ती रडत रडत हो म्हणाली.

आप्पांकडे रद्दीतून वाचवलेला एक शब्दकोश होता, मराठीचा आणि नेमक्या त्याच भाषेचा. खाकी कागदाचं कव्हर घातलेला, उशीएवढा जाड. डॉक्टरांनी डाव्या हाताला रोज काही काम द्यायला सांगितलं होतं. आप्पा दुपारभर तो शब्दकोश आणि एक पेन्सिल घेऊन बसायचे. घरच्यांना वाटायचं, बरं झालं, वेळ जातोय. मी समोरून बघायचो. ते एकेक पान उलटायचे, थांबायचे आणि डाव्या हाताने कसलीतरी रेघ ओढायचे. मला आकडे कळतात, अक्षरं कळत नाहीत. त्यामुळे मला अंदाज आला नाही.

निघायच्या दोन दिवस आधी बॅग भरली. शब्दकोश आप्पांनी स्वतः तिच्या हातात दिला होता, तो तळाशी ठेवला होता. विमानात तेवीस किलोच चालणार होते. वडिलांना माझी आठवण झाली. त्यांनी मला खिळ्यावरून उतरवलं, फुंकर मारून धूळ झाडली आणि बॅग माझ्या हुकाला लावली. सात वर्षांनी काम! मी जीव खाऊन उचललं आणि आकडा दाखवला. पंचवीस.

"दोन किलो काढावे लागतील," वडील म्हणाले.

खाटेवरून आप्पांनी दोन बोटं वर केली.

आई म्हणाली, "हो आप्पा, दोनच दिवस राहिले." मिरीला वाटलं, आजोबा तिला विजयाची खूण करताहेत. ती त्यांच्या गळ्यात पडली, तिनेही दोन बोटं वर केली आणि दोघांचा फोटो काढला. आप्पा मान हलवत होते, बोटं माझ्याकडे नेत होते, घशातून आवाज काढत होते. कुणाला कळेना. लहानपणी जी खूण ती रोज करायची, ती मिरी पार विसरून गेली होती. आणि मला तोंड असतं तर मी ओरडलो असतो.

तिने सगळं चाचपलं. स्वेटर लागणार होता, पुस्तकं लागणार होती. हात शब्दकोशाशी थांबला. "हा राहू दे. मोबाईलमध्ये आहे की सगळं. आल्यावर बघते हं, आप्पाआजोबा."

आप्पांचा हात खाली आला. त्या दिवशी त्यांनी तो पुन्हा वर केला नाही.

वडील तिला विमानतळावर घेऊन गेले, आई आप्पांजवळ थांबली. दुपारी फोन वाजला. मिरी होती, आईने फोनचा आवाज मोठा केला. "आई, बॅग एकवीसच भरली गं. मला आठवलं. दोन कमी धरायचे असतात. आप्पाआजोबा तेच सांगत होते. त्यांना फोन दे." आईने फोन आप्पांच्या कानाला लावला. मिरी रडत म्हणत होती, "आजोबा, मी विसरले. मीच विसरले." आप्पांनी फोनसमोर दोन बोटं वर धरली. तिला ती दिसणार नव्हती, तरी ते कितीतरी वेळ धरून बसले.

शब्दकोश पोस्टाने पाठवायचं ठरलं. आईने तो कापडात शिवला, वडिलांनी पत्ता लिहिला. मग आज ड्यूटी, उद्या दवाखाना, परवा पोस्टाला सुट्टी. पाठवू पाठवू म्हणता म्हणता पाच महिने गेले आणि एका सकाळी आप्पा गेले. मिरी लगेच यायला निघाली होती. वडिलांनीच थांबवलं. म्हणाले, "आता येऊन काय बघशील, बाळा? त्यांनी तुला पाठवलंय. पूर्ण करून ये." एवढं मोठं वाक्य ते पहिल्यांदाच बोलले असतील. मग फोन ठेवून रिकाम्या खाटेवर बसले आणि हमसून हमसून रडले.

वर्ष संपलं, मिरी आली. उंच झाली होती, आवाज खाली आला होता. ती थेट या खोलीत आली, कपाटावरचं ते कापडी पार्सल काढलं आणि माझ्या हुकाला लावलं. एक किलो नऊशे ग्रॅम. हे वजन मात्र मी अगदी खरं सांगितलं. काय उपयोग होता त्याचा आता?

तिने शिवण उसवली आणि पानं उलटली. पेन्सिलीच्या वाकड्यातिकड्या रेघा असलेले शब्द ती एकेक करून मोठ्याने वाचायला लागली. भूक. पांघरूण. दुखणे. चुकणे. वाट. मदत. तिकडे एकटी असताना तिला जे जे लागेल असं आप्पांना वाटलं, त्या त्या शब्दाखाली रेघ होती. ती वाचत गेली आणि म्हणाली, "हे सगळे मला तिकडे लागले, आजोबा." शेवटची रेघ 'घर' या शब्दाखाली होती, दोनदा ओढलेली. तो शब्द तिने दोनदा वाचला.

नंतर तिने एक चिठ्ठी लिहून माझ्या तबकडीवर चिकटवली. दोन कमी धरा. आता जो कुणी मला हातात घेईल, तो आधी ती वाचेल. मित्रांनो, आमच्यासारख्या जुन्या वस्तूंना तेलपाणी करा, आमच्या खोडी लिहून ठेवा. आणि त्या खोडी ज्यांना ठाऊक आहेत ती माणसं घरात असेपर्यंत त्यांना विचारा. त्यांना बोलता येत नसेल तर घाई करू नका, त्यांच्या बोटांकडे नीट बघा. मी त्या दिवशी पंचवीस म्हणालो आणि सगळ्यांनी माझं ऐकलं. आप्पांचं कुणी ऐकलं नाही.