लागीच्या घराचा भोंगा

लागीमाइनाच्या घरी जायला कुणी दार वाजवत नसे, कारण तिच्या जुन्या घराला दारच नव्हतं. खांब, छप्पर आणि खाली चटया. उपोलू बेटावरच्या आमच्या किनाऱ्यावरची बाकीची घरं अजूनही तशीच आहेत. मीठ संपलं की शेजारीण यायची, मीठ घ्यायची, जाताना दोन गोष्टी सांगून जायची. मग ऑकलंडच्या लेकानं, इओसेफोनं, तिला सिमेंटचं घर बांधून दिलं. घराला भिंती आल्या आणि पाठोपाठ चोरही आला. लेकानं पाठवलेलं गवत कापायचं यंत्र एका दुपारी नाहीसं झालं.

लागी म्हणाली, कुणाला तरी गरज असेल, आणून देईल. इओसेफोचं डोकं फिरलं. तिकडे तो घरोघर बिनतारी अलार्म बसवायचंच काम करतो. नाताळात आला तो पेटी घेऊनच आला. दाराला चुंबक, खोलीच्या कोपऱ्यात हालचाल टिपणारा डोळा, वळचणीखाली भोंगा. बाहेर पडताना किल्लीतलं बटण दाबायचं, परत आल्यावर पुन्हा दाबायचं. विमानतळावर जाताना त्यानं बजावलं, "आई, गावात सगळ्यांना सांगून ठेव. वाजला तर घाबरतील."

लागीनं मान डोलावली आणि कुणालाही सांगितलं नाही. सांगणार तरी काय? तुम्हा सगळ्यांना मी चोर समजते, असं? दाराला कुलूप घालायलाही तिला लाज वाटे, ते येणाऱ्याजाणाऱ्याला दिसतं. बटण कुणाला दिसत नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची, अशी तिनं स्वतःची समजूत घातली. तिचं चुकलं ते इथे.

शनिवारी दुपारी ती रविवारच्या उपासनेसाठी देवळात फुलं लावायला गेली. तेवढ्यात तफाले आली. तफाले तिची मोठी नणंद, सत्तरीची. पंधरा वर्षांपूर्वी समुद्र गावात शिरला तेव्हा हिनंच लागीला केसाला धरून नीरफणसाच्या झाडावर ओढून घेतलं होतं. लागीची धाकटी लेक मात्र कुणाच्या हाताला लागली नाही. तेव्हापासून गावात खांबावर समुद्राचा इशारा देणारा भोंगा आहे, आणि गावाचा एकच नियम आहे: भोंगा वाजला की हातातलं टाकायचं आणि डोंगर चढायचा. कुठला, कशाचा, विचारत बसायचं नाही.

तफालेला रविवारच्या कोको-भातासाठी मोठं पातेलं हवं होतं. ती नेहमीसारखी आत गेली, पातेलं उचललं, आणि भोंगा वाजला.

तो आपल्यामुळे वाजला हे तिच्या स्वप्नातही आलं नाही. ती धावली. सगळं गाव धावलं. नारळ किसणाऱ्या बायका किसण्या टाकून, पुरुष म्हाताऱ्यांना पाठंगुळीला घेऊन धावले. देवळातून लागीही जीव मुठीत धरून धावली. तिलाही आपलं घर आठवलं नाही, तिला लेक आठवली. चढावर तफालेचा पाय घसरला. पातेलं गडगडत खाली गेलं आणि तिचं खुब्याचं हाड मोडलं.

वर माणसं मोजून झाली. समुद्र शांत होता. खांबावरचा भोंगा तर गप्पच होता, आणि खालून एकाच घरातून आवाज येत होता. मग एकेकाची नजर लागीकडे वळली. तिनं किल्ली काढून बटण दाबलं. इतक्या लांबून ते कसलं चालतंय? सगळ्या गावादेखत तिला एकटीला खाली उतरावं लागलं.

इओसेफो फोनवर म्हणाला, "तुझी काय चूक? न विचारता शिरली ती. दार वाजवायला शिकव त्यांना."

"त्यांच्या घरांना दारं आहेत का रे वाजवायला?" लागीनं विचारलं. त्याच संध्याकाळी तिनं भोंग्याचं सगळं सामान उपसून पेटीत भरलं होतं. चोर सोडून संन्याशाला सुळी म्हणतात, तसं झालं होतं. यंत्र नेणारा मोकळाच राहिला होता. गाव काय दंड करील याचं तिला भय नव्हतं. तफाले पुन्हा आपल्या घरात पाऊल टाकील की नाही, या एका विचारानं तिला अन्न गोड लागेना.

तीन आठवड्यांनी तफालेला आपिया शहरातल्या इस्पितळातून घरी आणलं. दुसऱ्या दिवशी उजाडताच लागी तिच्या अंगणात जाऊन बसली, डोक्यावरून लग्नातली तलम चटई पांघरून. आमच्याकडे मोठ्या अपराधाची माफी अशीच मागतात. समोरच्यानं चटई उचलली तर माफी, नाहीतर उन्हात बसून राहायचं.

फार वेळ लागला नाही. तफालेच्या मुलानं चटई उचलली. आतून, अंथरुणावरूनच, तफाले म्हणाली, "लागी, ये आत. चहा घे."

लागीला हुंदका आवरेना. "वन्सं, मी सांगायला हवं होतं."

"हवं होतंस. मी रागावले असते. चार दिवस बोलले नसते, आणि पाचव्या दिवशी आले असते."

चहा झाला. निघताना तफालेच्या सुनेनं, वाइतुलूनं, पातेलं आणून पुढे ठेवलं. घासून लख्ख केलेलं, पोचासुद्धा ठोकून काढलेला. आमच्याकडे पातेलं कुणी परत करत नाही, ते या घरातून त्या घरात फिरत राहतं.

"तुझं आहे. घेऊन जा," तफाले म्हणाली. आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं, असं लागीला वाटलं.

पुढच्या शनिवारी लागीनं दार सताड उघडं ठेवलं. चौकटीत स्क्रूची दोन भोकं तेवढी राहिली होती. दुपारी वाइतुलू मीठ मागायला आली आणि पायरीखालीच थांबली.

"मामी," ती म्हणाली, "आत येऊ का?"