जिवनबाईच्या दगडाला नवस

सिद्धेश्वर धरणाजवळच्या तांड्यावर ग्रामपंचायतीनं एक काळा दगड उभा केला. त्यावर कोरलं होतं, ‘एकाहत्तरच्या युद्धात जखमी जवानांची सेवा करणाऱ्या लष्करी परिचारिका जिवनबाई यांच्या गौरवार्थ’. इथवर सगळं बराबर होतं. पण उभा काळा दगड दिसला की आपल्याकडं हात थोडेच गप्प बसतात? देवला म्हातारीनं त्याला शेंदूर फासला आणि त्याच संध्याकाळी तिची हरवलेली शेळी घरी आली. झालं! नारळ फुटू लागले, नवस बोलले जाऊ लागले. खुद्द जिवनबाई पंचाहत्तरीतही ठणठणीत. ती रोज त्याच दगडाच्या सावलीला बसून खोबरं खायची.

तिचा लेक मोहनसिंग या थोतांडाला हसायचा. पण त्याच्या पोरीनं, संगितानं, लष्करी नर्सिंगच्या कॉलेजात जायचा हट्ट धरला आणि त्याचं हसू पळालं. पोरगी सरहद्दीवर जाणार या धास्तीनं त्याला घास गिळेना. याडीशी, म्हणजे आईशी, भांडून तो जन्मात जिंकला नव्हता. दगड निदान उलट बोलत नाही. म्हणून भरदुपारी, तांडा सामसूम बघून, तो नारळ घेऊन गेला.

“देवी, संगिताच्या डोक्यातलं खूळ काढ. नारळाचं तोरण बांधीन.”

“न्हाई काढत!” दगड बोलला.

मोहनसिंगची बोबडी वळली. तोच दगडामागून खोबरं चघळत जिवनबाई उठली.

“याडी! तू हितं काय करून राहिली?”

“माझ्या दगडामागं मी बसले, तुझ्या बापाचं काय गेलं?”

“मी तुझ्याशी न्हाई, दगडाशी बोलून राहिलो.”

“अन् त्याच्यावर नाव कोणाचं हाय?”

मोहनसिंग आधी चिडला, मग एकदम रडवेला झाला. “एकुलती पोरगी हाय, याडी. तिला काही झालं तर?”

“माझी याडीबी अशीच रडली होती. तरी गेले. किती बायांची लेकरं जगवून घरी धाडली, अन् मीबी आले. म्हणून तर तू झालास, येड्या.”

मोहनसिंग नारळ घेऊन घराकडं वळला.

“ए! देवापुढं आणलेला नारळ न फोडता माघारी नेतेत व्हय?”

ते मात्र खरं होतं. असला अपशकुन घरी कोण नेणार? आणि नवस तर देवीनं तोंडावर नाकारलेला. आता मागावं तरी काय? मोहनसिंगला हसू फुटलं, हसता हसता डोळे भरले. त्यानं नारळ दाणकन आपटला.

“जाऊ दे तिला. अन् परत येऊन हिच्याएवढी म्हातारी होऊ दे, हिच्याएवढीच खाष्ट.”

“मंजूर,” म्हणत जिवनबाईनं फुटलेल्या नारळातलं खोबरं आधी त्याच्या हातावर ठेवलं.