नवसाचा बोकड आणि पिंगळी एक्सप्रेस

मी बोकड बोलतोय, आणि राग धरून बोलतोय. गोड ऐकायचं असेल त्यानं गाईकडं जावं.

माझं नाव बांड्या. पिंगळीच्या कडूबाईच्या छपरात माझा जन्म झाला. माझ्या पाठोपाठ माझा जुळा भाऊ झाला, काळ्या. कडूबाईला मागंपुढं कुणी नव्हतं. ज्वारीच्या भाकरीचा पहिला तुकडा ती आम्हा दोघांत वाटायची आणि दिवसभराचं सुखदुःख आमच्यापाशीच बोलायची. आम्ही ऐकत ऐकत तिच्या लुगड्याचा पदर चघळायचो.

गावात माणिकराव नावाचा आडत्या होता. व्हॉलीबॉलचा भारी नाद. जिल्ह्यातल्या व्हॉलीबॉलवाल्यांशी त्याचं कशावरून तरी बिनसलं, तशी यानं इरेला पेटून स्वतःचीच टीम काढली. कुणाच्या हाताखाली नाही, कुणाला विचारायचं नाही, आणि खेळाडू सगळे पगारी.

"खेळायचा पगार?" कडूबाई म्हणाली. "उद्या झोपायचाबी देतेल."

टीमचं नाव ठेवलं 'पिंगळी एक्सप्रेस'. आता आमच्या टेसनावर पॅसेंजर तेवढी थांबते, एक्सप्रेस धूळ उडवत निघून जाते. पण माणिकरावाला सांगणार कोण? टेसनामागच्या मोकळ्या जागेत खांब रोवले, चुन्याच्या रेघा मारल्या, सुती जाळी बांधली. राणीसावरगावहून सूर्यभान नावाचा शूटर आणला. गडी उडाला की चेंडू समोरच्याच्या अंगणात असा आदळायचा की माती उडायची. खोटं कशाला बोलू, खेळ चांगला होता त्याचा.

वालूरच्या स्पर्धेआधी माणिकराव म्हसोबाला नवस बोलला, जिंकलो तर बोकड देतो. स्वतःच्या दावणीला जनावरं होती, पण नजर गेली ती कडूबाईच्या छपराकडं.

"मालक, लेकरावानी वाढवलेत मी," ती म्हणाली. "मला न्हाई द्यायचं."

"देवाचं हाय ते, कडूबाई. देवाला न्हाई म्हणतीस?"

टीम जिंकली आणि काळ्याला नेलं. त्या दिवशी गावभर रश्श्याचा वास सुटला होता. कडूबाईनं चूल पेटवली नाही.

एवढ्यावर भागलं असतं तर कदाचित मीही विसरलो असतो. पण त्या लोकांनी काळ्याच्या कातड्याची हलगी मढवली, टीमसाठी. मग सामना कुठलाही असो, एक पॉइंट मिळाला की हलगी कडाडायची. लोक नाचायचे, माणिकराव फेटा उडवायचा. माझ्या भावाला त्यांनी मारलं ते मारलं, वर रोज बडवत होते. त्या हलगीच्या आवाजावर मी मनाशी ठरवलं, ही टीम मी खाणार.

पुढं परभणीची मोठी स्पर्धा आली आणि नवसाला माझी पाळी लागली. माझा कान चिरला, कपाळाला हळद-कुंकू लावलं. आता आमच्याकडची रीत अशी, की नवसाचा बोकड देवाचा. त्याला मारायचं नाही, हाकलायचं नाही, इकायचं तर नाहीच. म्हणजे मला कापायचं ठरवलं त्यांनी, आणि तोवर माझ्यावर काठी उगारायची सोय ठेवली नाही. शहाणी माणसं!

मी पहिल्यांदा जाळी खाल्ली. पोरांच्या घामानं खारट झालेली सुती जाळी, लय चवदार होती. सकाळी खेळाडू आले तेव्हा मधोमध बैल निघेल एवढं भोक पडलेलं होतं. माणिकराव दात खात माझ्याकडं बघत राहिला आणि शेवटी माझ्याच पाया पडला. मग त्यानं नायलॉनची जाळी आणली. ते मेलं नायलॉन काही दाताला लागेना.

टीम फायनलला पोचली. ठरलेल्या दिवशी विद्यापीठाच्या नामांतरावरून परभणी बंद होती, म्हणून सामना पुढं गेला. कडूबाईनं तेवढे दिवस मला शेंगदाण्याची पेंड चारली. मी ती खाल्ली आणि शिंगं खांबावर घासत राहिलो.

फायनलच्या सकाळी सगळी टीम टेसनावर जमली. माणिकराव म्हणाला, "गाडी यायच्या आधी बोकडाच्या पाया पडून घ्या रे."

एकेक जण वाकायला लागला. ज्याला संध्याकाळी कापायचं त्याच्याच पाया पडायचं, हे माणसालाच सुचतं. सूर्यभानाची पाळी आली. त्यानं उजवा हात माझ्या खुराला लावला. चेंडू मारायचा तोच हात. मी दोन पावलं मागं सरलो आणि दिली टक्कर, सगळा जीव शिंगांत आणून. सूर्यभानाशी माझं वैर नव्हतं. पण काळ्याशी तरी कुणाचं होतं?

मनगट बघता बघता सुजलं.

"मालक, हात हालंना," सूर्यभान म्हणाला. "दुसऱ्या कुणाला तरी उतरवा."

"येडा का खुळा तू?" माणिकराव म्हणाला. "देवाच्या बोकडानं हात धरलाय तुझा. आज तूच मारायचा."

बरोबरच्या पोरांनी माना डोलावल्या. गाडी आली, हलगी वाजवत सगळे निघून गेले.

संध्याकाळी कडूबाई मला घेऊन टेसनावर बसली. टीम जिंकून आली की सिग्नलपासूनच हलगी ऐकू यायची. तिचा हात माझ्या मानेवर होता. लांबून इंजिनाचा धूर दिसला. गाडीनं सिग्नल ओलांडला, डबे आले, गाडी थांबली. हलगी वाजली नाही. सूर्यभान गळ्यात हात अडकवून उतरला, मागून खाली मान घालून माणिकराव. माझा भाऊ पहिल्यांदाच गप्प होता. कडूबाईनं माझ्या गळ्यातलं दावं सोडलं आणि आम्ही घरी गेलो.

माणिकरावानं महिना भरायच्या आत पगार बंद केले. पोरं आपापल्या गावाला पांगली. एक्सप्रेस पिंगळीला थांबत नसतीच. पण त्याचा माझ्यावरचा राग गेला नव्हता. एक दिवस तो खाटकाला घेऊन छपराशी आला. कडूबाई दारात उभी राहिली, चार माणसं ऐकतील अशा आवाजात बोलली.

"देवाचं हाय ते, मालक. देवाला न्हाई म्हणता?"

माणिकरावाचं तोंड बघण्यासारखं झालं. नवस फिटला नव्हता. टीम जिंकल्याशिवाय मला कापता येईना, आणि टीम तर उरलीच नव्हती. खाटूक आपला आल्या पावली परत गेला.

आता मी म्हातारा झालोय. टेसनामागच्या मैदानावर गवत माजलंय, ते मीच खातो. काळ्याची हलगी माणिकरावाच्या ओसरीत खुंटीला लटकलीय. येता-जाता मी तिच्याखाली थोडा थांबतो. मला तिथून हाकलायची कुणाची छाती नाही.

परवा माणिकराव पारावर सांगत होता, औंदा टीम पुन्हा काढायची. जुना नवस बाकी हाय, म्हणे, तो फेडल्याशिवाय बरकत न्हाई. ऐकून कडूबाईनं मला जवळ ओढलं.

माझं एवढंच मागणं आहे, नव्या शूटरनं माझ्या पाया पडायला अवश्य यावं. आणि कडूबाई उगीच घाबरती. माणिकराव पुढं काय म्हणाला ते तिनं ऐकलंच नाही. तो म्हणाला, ती नायलॉनची जाळी अपशकुनी निघाली, औंदा सुतीच आणू.