हेड कोचच्या दारावर

हेमराजनं सकाळी दार उघडलं तर ओटा भरून माणसं बसलेली. डोक्यावर टोप्या, माना खाली, कोणी कोणाशी बोलत नाही. हेमराजचा हात कडीवरच राहिला.

"कोण गेलं?" त्यानं विचारलं.

लोटननानांनी घसा खाकरला. लोकोशेडमध्ये हेमराजबरोबर उभी हयात काढलेला हा माणूस मूळचा पिंपळनेरकडचा. भुसावळात म्हातारा झाला तरी अहिराणी सुटली नव्हती.

"बस भाऊ," नाना म्हणाले. "टीव्हीवर दखाडी राह्यनात. परदेशना गडी लिन्हा त्यासनी."

हेमराज उंबऱ्यावरच बसला. देशाच्या फुटबॉल संघाचा नवा हेड कोच ठरला होता आणि तो हेमराज नव्हता.

तसं यात धक्का बसावा असं काही नव्हतं. रेल्वेचा रिटायर फिटर, रोज सकाळी कॉलनीच्या मैदानावर पोरांना पळवणारा. त्याला कोण देशाचा कोच करतं? पण वाईट बातमी आली की काय करायचं याची गावात एकच रीत होती. दारावर जाऊन बसायचं. चहा घ्यायचा नाही, उठताना 'येतो' म्हणायचं नाही. पद हुकलेल्या माणसाकडे कसं जावं याची वेगळी रीत अजून कोणी काढलेली नव्हती. म्हणून जी होती ती वापरली.

दूधवाला आला. गर्दी पाहून त्यानं सायकल भिंतीला टेकवली, चपला काढल्या आणि कडेला बसला.

"कोण?" त्यानं हळूच विचारलं.

"हेड कोच," कुंदन म्हणाला. कुंदन एके काळी हेमराजचा गोलकीपर होता, आता रिक्षा चालवायचा.

"चांगला माणूस होता," दूधवाला म्हणाला. मग त्याला उंबऱ्यावर बसलेला हेमराज दिसला. उठून जाणं बरं दिसलं नसतं, म्हणून तो बसूनच राहिला.

अर्ज खरं म्हणजे सुलक्षणानं केला होता, हेमराजच्या बायकोनं. जळगावच्या दवाखान्यात, एका हाताला सलाईन, दुसऱ्या हातात मोबाईल. 'कोणीही अर्ज करू शकतो,' असं तिनं वाचलं आणि नवऱ्याकडे पाहिलं. कोणीही म्हणून हेमराज अगदी बसत होता.

"सगळ्यात मोठी मॅच कोणती खेळवली?" तिनं विचारलं होतं.

"वरणगाव फॅक्टरीशी."

"जिंकले?"

"बरोबरी. मैदानात म्हशी शिरल्या."

"'अपराजित' लिहिते."

येणाऱ्या भाषा: मराठी, हिंदी, शिट्टी. अपेक्षा: क्वार्टर मिळालं तर बरं, तळमजल्यावर, गुडघे दुखतात. शेजारच्या खाटेवरची बाई हसता हसता खोकायला लागली, तेव्हा नर्स येऊन सगळ्यांना रागावली. अर्ज गेला आणि कॉलनीभर बातमी झाली. लगेच उलट निरोप आला, अर्ज मिळाला, निर्णय कळवू. सुलक्षणानं फोन उशाखाली ठेवला.

"निकाल लागल्याशिवाय मी काही मरत नाही," ती म्हणाली.

चैत्रात ती गेली. निकाल लागला नव्हता.

हे हेमराजला काही केल्या जुळेना. स्मशानातून येऊन त्यानं अंघोळ केली आणि दुसऱ्या सकाळी घराला कुलूप लावून, गळ्यात शिट्टी अडकवून तो मैदानावर गेला. दारावर आलेली माणसं कुलपासमोर थोडा वेळ बसली. वरणगावहून आलेली त्याची थोरली बहीण झुंबरबाई कुलपासमोर रडली आणि पुढच्या गाडीनं परत गेली. सुतक फिटायच्या, गंधमुक्तीच्या दिवशी त्यानं केस काढले, विधी उरकला आणि दुपारी टकलावर रुमाल बांधून पोरांना कॉर्नर शिकवला. लोक म्हणाले, दगड आहे. हेमराज दगड नव्हता. तो रोज सुलक्षणाचा फोन चार्जिंगला लावायचा आणि निकाल पाहायचा. नाही लागला. नाही ना? मग अजून.... पुढचं वाक्य तो मनातसुद्धा पुरं करत नसे.

"भाऊ," कुंदन म्हणाला, "टीव्हीवाले काहीपण दाखवतात. तुम्हाला काही आलं का?"

हेमराज उठून आत गेला. फोन खिडकीपाशी होता, दवाखान्यातून आणलेल्या तिच्या पिशवीवर. त्यानं चष्मा लावला. आलं होतं. आपण दाखवलेल्या रसाबद्दल आभार. पुढील वाटचालीस शुभेच्छा. वर नाव हेमराजचं, पण फोन तिचा होता. शुभेच्छा नेमक्या कोणाला, हे कळायला मार्ग नव्हता.

तो बाहेर आला तेव्हा झुंबरबाई ओट्यावर चढत होती. हातात फडक्यात बांधलेलं पिठलं-भाकरी.

"मांगच्या खेपेले कुलूप पाहून गेली मी," ती म्हणाली. "आज तरी बसू देशील का आम्हाले?"

हेमराजनं तिच्याकडे पाहिलं. मग ओट्यावरच्या माणसांकडे पाहिलं. एकाच्याही तोंडावर फुटबॉल नव्हता.

"अक्का," तो म्हणाला, "निकाल लागला."

"हो रे बाबा."

"म्हणजे ती गेली."

लोटननाना सरकले, त्यांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. "रड भाऊ," ते म्हणाले. "आमी दारवर त्यानासाठेच उनूत."

हेमराज रडला. फार वेळ, वाईट आवाज करत, गळ्यातली शिट्टी छातीवर हलत होती. दूधवालाही रडला, त्याला आता कोण गेलं ते कळलं होतं.

उन्हं ओट्यावर आली तशी माणसं एकेक करून उठली. कोणी 'येतो' म्हणालं नाही.

झुंबरबाईनं आत ताट वाढलं. माणूस गेल्यावर नातलगांनी आणलेल्या या घासाला कडू घास म्हणतात, पिठलं कितीही चांगलं झालेलं असो. हेमराज भिंतीला टेकून चावत राहिला. खिडकीपाशी सुलक्षणाच्या फोननं एकदा टुण्‌ केलं. चार्जिंग संपत आलं की तो तसा वाजायचा.

झुंबरबाईनं वायर उचलली. "लावू का रे?"

हेमराजनं तोंडातला घास गिळला.

"राहू दे," तो म्हणाला.